पुढची सीट

१ जानेवारी, गुरुवार

तारीख गौरवीने घालायची, वार मी सांगायचा, अशी आमची वाटणी झाली आहे. तिला वार विचारला की ती मोबाइल उघडते. मला तारीख विचारली की मी आभाळाकडे बघते. दोघींचं मिळून एक पुरतं माणूस होतं.

सांगणारी मी, देवकी, कोरगावची. वय पंच्याहत्तर की सत्त्याहत्तर, त्यातलं बरं दिसेल ते लिही म्हटलं. लिहिणारी माझी नात. मला अक्षर येत नाही. माझ्या नावात तीनच अक्षरं आहेत असं गौरवीने आज बोटांवर मोजून दाखवलं. एवढ्याशा नावालासुद्धा जन्मभर अंगठाच पुरला.

वही मात्र गुरुदासची. हा माझा मुलगा सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवतो, तिथेच खोली घेऊन राहतो, शनिवारी संध्याकाळी घरी येतो. काल वर्षअखेर म्हणून मधेच आला, तेव्हा त्याने ही नवी डायरी आणून सुनेसमोर मेजावर आपटली. "संजना, गाडी कुठे गेली, कोण कोण बसलं, सगळं यात लिही. शिगम्यापर्यंत बघतो. तोवर रिकामीच फिरली, तर मी ती सुर्ल्याला नेतो. खाणीवरची माणसं तरी बसतील."

गाडी म्हणजे पांढरी व्हॅन. चालवणारी सोडून बाराजणी बसतात. घेतली होती खाणीवरची माणसं ने-आण करायलाच. मधे ते काम थांबलं, गाडी दारात फणसाखाली उभी राहिली आणि तिच्यावर कोंबड्या बसू लागल्या. तेव्हा संजना म्हणाली, मी चालवते. बायकांना फिरायला नेते, फक्त बायकांना, सकाळी नेऊन तिन्हीसांजेला घरी. चालवायला तिला गुरुदासनेच शिकवलं होतं, मोठ्या कौतुकाने. ती शिकली त्या दिवसापासून तो पस्तावतो आहे.

संजनाला लिहायला वेळ नाही. म्हणून वही मी घेतली. शिगम्याला, होळीच्या सणाला, गुरुदासच्या हातात ठेवीन आणि म्हणेन, वाच.

४ जानेवारी, रविवार

पहिली सहल. माणसं मिळेनात म्हणून आमचीच भरली. मी, चोपड्याची माझी बालमैत्रीण लक्ष्मी आणि वाड्यावरच्या तिघी. लक्ष्मी नदीत उतरून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढते आणि दारोदार विकते. शिंपल्या उपसून तिचे हात असे झालेत की तिने गालावरून हात फिरवला तर ओरखडा येतो.

मी पुढच्या सीटवर. मान म्हणून नव्हे, मागे बसले की मला मळमळतं. पुढे बसूनही मळमळतं, पण तोंड चालू ठेवलं तर नाही. म्हणून मी बोलत राहते. कोणत्या वळणावर कोणाचा नवरा वरातीतून पळाला, कोणत्या वडाखाली कोणाच्या सासूने जावयाला चिखलात बसवलं. थांबले की पोटात ढवळतं. बाकीच्यांना ऐकावं लागतं बिचाऱ्यांना, धावत्या गाडीतून उतरणार कुठे?

गावच्या शिवेवर मी गाडी थांबवायला लावली. राखणदाराला, गाव राखणाऱ्या देवाला, नारळ ठेवला, विडी पेटवून ठेवली. संजना म्हणाली, "आई, प्रत्येक गावच्या शिवेवर थांबलो तर केरीला पोचायला चैत्र उजाडेल." मी म्हटलं, "बाय, तुझं लायसन सरकारचं. रस्ता त्याचा."

केरीला फेरीबोटीत गाडी चढवताना दोन पुरुष पुढे होऊन हातवारे करायला लागले, "राइट, राइट, अगो राइट!" संजनाने काच खाली केली आणि शांतपणे म्हणाली, "दादा, तुम्ही जरा बाजूला व्हा, तुम्हीच राइटला आहात." एका झटक्यात गाडी चढवली. लक्ष्मी एवढी हसली की तिच्या तोंडातलं पान माझ्या लुगड्यावर.

तेरेखोलला बसून पोळे आणि अळसांद्यांचं तोणाक, म्हणजे चवळीची दाट आमटी, खाल्लं, घरून नेलेलं. उंडे, ते गोल पाव, भट्टीवाल्या पदेराकडून सकाळीच घेतले होते. वाळूवर पाय पसरून बसलो. पन्नास वर्षांत मी असं काही न करता बसले नव्हते. पाठ दुखायला लागली.

१४ जानेवारी, बुधवार

बुधवार म्हणजे डिचोलीचा बाजार. आज संजना कामासाठी निघाली होती. सगळ्या कचेऱ्यांतून बायकांना विचारायचं, सहलीला येता का. मी सोबत. संक्रांत होती म्हणून तिळगुळाचा डबा मांडीवर.

तीन ठिकाणी "बघू" म्हणाले. बघू म्हणजे नाही, हे मला अक्षर येत नसलं तरी कळतं. चौथ्या ठिकाणी, एका पतसंस्थेत, सुविधा नावाची मोठी बाई भेटली. तोंड असं, की जणू सगळ्या गावाच्या सह्या चुकल्या आहेत. संजना बोलत होती तेव्हा मला उभ्या उभ्या मळमळायला लागलं. म्हणून मी आपली सुरू झाले. या डिचोलीच्या बाजारात मी लग्नाआधी नारळ विकायला आले होते आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यावर नारळ पडला, आणि तोच पुढे माझा दीर निघाला, ही गोष्ट. संजना माझा पदर ओढत होती. सुविधाबाईच्या मागे टेबलांवरच्या पोरी माना वर करून ऐकत होत्या. काम बुडालं त्यांचं.

शेवटी सुविधाबाई म्हणाली, "सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की आम्ही अकराजणी मोकळ्या. पण आजी येणार ना गाडीतून?"

बघा, अकराजणींची तिला काळजी नाही. पुढची सीट रिकामी मिळेल का, हेच तिला विचारायचं होतं. मेली संजना म्हणाली, "येणार तर!" नाही म्हणाली असती तर त्यांना पाय पसरून बसता आलं असतं.

१८ जानेवारी, रविवार

लक्ष्मीला सांगून ठेवलं. झेंड्याच्या दिवशी सकाळी दोन टोपल्या तिसऱ्या घेऊन ये, मोठ्या. जेवण आमच्याच घरी, तिसऱ्यांचं सुकं, भात, सोलकढी. डिचोलीच्या बायका पुन्हा पुन्हा नाव काढतील.

गुरुदास जेवता जेवता म्हणाला, "अकरा बायका! त्यांना रस्त्यात कोणाची तरी आवय आठवेल आणि परत जातील." मी म्हटलं, "तुला तुझी आई आठवते का सुर्ल्याला?" त्याने आमटीचं भांडं पुढे ओढलं. (हे लिहिलंस? लिही. तोच वाचणार आहे.)

२६ जानेवारी, सोमवार

सोमवार. आज हा वार मी सांगितला तेव्हा गौरवीने पेन खाली ठेवलं आणि हसायला लागली. आता हसते. सकाळी रडत होती.

उजाडता उजाडता लक्ष्मी दोन टोपल्या घेऊन आली. तिसऱ्या एकेक रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या. टोपल्या खाली ठेवल्या, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "देवकी, तुम्ही सोमवार सोडलात काय गो?"

माझ्या पायाखालचं अंगण सरकलं. सोमवार! सोमवारी कोण मासळी खातं इथे? आमच्या घरी सोमवारी मांजरसुद्धा नुस्त्याच्या भांड्याकडे बघत नाही. आणि अकरा बायका, त्यांतल्या निम्म्या तरी उपवासाच्या.

चूक कोणाची म्हणाल तर सगळ्यांची. गौरवीला सव्वीस तारीख ठाऊक, वार नाही. मला वार ठाऊक, तारीख नाही. संजनाच्या डोक्यात सुट्टी म्हणजे रविवार. आणि काल दिवसभर मी मसाला वाटत बसले होते. उद्या सोमवार हे मला माहीत होतं, उद्या पाहुण्या येणार हेही माहीत होतं, पण दोन्ही गोष्टी माझ्या एकाच डोक्यात दोन जावांसारख्या राहिल्या, एकमेकींशी बोलल्याच नाहीत.

गुरुदास सुट्टी म्हणून घरीच होता. दात घासत पायरीवर आला, टोपल्या बघितल्या, बायकोचं तोंड बघितलं. "झालं. शिगम्यापर्यंत कशाला थांबायचं? आजच नेतो गाडी."

संजना पायरीवर मट्कन बसली. किल्ली हातात तशीच. म्हणाली, "आई, मी फोन करून नको म्हणून सांगते."

मी म्हटलं, "तू झेंडा संपायच्या आत डिचोलीला पोच आणि त्यांना घेऊन ये. जेवण मी बघते."

"काय वाढणार?"

"जमिनीत आहे ते."

ती गेली. लक्ष्मीने तिसऱ्या पाण्यात घातल्या, उद्यापर्यंत टिकतात. मी मागच्या मळ्यात जाऊन बघितलं. कणगां, ते रताळ्यासारखे कंद, वेलाखाली तयार, पण खणायची होती. करांदे, तेही कंदच, शेजाऱ्यांकडे. सुरण वरच्या घरी. तांबडी भाजी खालच्या वाड्यावर. अळसांदे कोणीतरी उपटून अंगणात वाळत घातलेले. सगळं होतं, पण सगळं दहा ठिकाणी, आणि आम्ही दोन म्हाताऱ्या आणि एक रडणारी पोर. गुरुदासला खणायला सांगितलं, तर म्हणाला, "माझी कंबर धरली आहे." सुट्टीच्या दिवशी त्याची कंबर नेहमीच धरते.

गाडी आली तेव्हा आमची दोनच कणगां खणून झाली होती. अकराजणी उतरल्या. कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साड्या, छातीला छोटे झेंडे. मी चिखलाचे हात घेऊन उभी. तोंडात आलं ते बोलले, "आलात? पदर खोचा आणि या खणायला. जिला कणग सापडेल तिला पहिलं पान."

संजनाने डोळे मिटले. मला वाटलं, आता सुविधाबाई गाडीत परत बसणार.

सुविधाबाईने चप्पल काढली. साडी खोचली. कुदळ मागितली!

मग काय विचारता. अकराजणी मळ्यात. एकीला कणगाबरोबर गांडूळ मिळालं, ती किंचाळत बांधावर चढली. दुसरीने सुरण कापताना हात खाजवून घेतले, लक्ष्मीने चिंच चोळून दिली. तिघी तांबडी भाजी मागायला खालच्या वाड्यावर गेल्या आणि भाजीबरोबर चहा पिऊन, कोणाच्या सुनेची भांडणं ऐकून आल्या. सुविधाबाईचं एक कणग माझ्या पायाएवढं निघालं. ते तिने बाळासारखं छातीशी धरलं, झेंड्याशेजारी, आणि गौरवीला म्हणाली, "काढ गो फोटो."

खतखतें केलं मोठ्या टोपात. कणगां, करांदे, सुरण, कच्चं केळं, अळसांदे, वर सुकी तिरफळं ठेचून. तांबडी भाजी, सोलकढी, गूळ-खोबऱ्याचं मणगणें. जेवायला दुपार कलंडली. कोणी तक्रार केली नाही, उलट दोनदा भात लावावा लागला. उपवासवाल्यांना कणगां उकडून खोबऱ्याबरोबर दिली.

निघताना सुविधाबाई म्हणाली, "सहलीत खणायला लावतात हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. ही कल्पना कोणाची?"

मी तोंड बंद ठेवलं. जन्मात पहिल्यांदा. मळमळलं नाही.

गुरुदास दोन पानं जेवला. कंबर सुटली असावी.

३१ जानेवारी, शनिवार

मंगळवारी सकाळी त्या तिसऱ्यांचं सुकं केलं. गुरुदासने मोठा डबा भरून सुर्ल्याला नेला. तिथे ट्रकवाल्यांना वाटला आणि वर माझी फजिती सांगितली, माझ्या आवयने सोमवारी तिसऱ्या मागवल्या आणि पतसंस्थेच्या बायकांना मळा खणायला लावला. सगळे पोट धरून हसले म्हणे. आज घरी येऊन तेच पुन्हा सांगत होता. मी म्हटलं, "हस. आईला हसायला परवानगी लागत नाही." पण त्याने एक गोष्ट सांगितली नाही, ती संजनाने सांगितली. सुर्ल्याहून त्याच्या मुकादमाच्या बायकोचा फोन आला होता. त्यांनाही खणायचं आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

फोन वाजत असतात. पेडण्याहून शिक्षिका, म्हापशाहून कोणी, डिचोलीहून पतसंस्थेतल्या पोरींच्या बहिणी. एका गटाला चोपड्याला नदीवर नेलं, लक्ष्मीने गुडघाभर पाण्यात उभं करून तिसऱ्या काढायला शिकवलं. शनिवारी! वार मी आधी तीनदा विचारून घेतला. एकीची जोडवी वाळूत हरवली, ती लक्ष्मीने पायाच्या बोटांनी शोधून काढली.

पण एक गोष्ट माझ्या मनाला लागली आहे. फोनवर प्रत्येक बाई संजनाला एकच विचारते, "आजी असणार ना?" दर वेळी. शब्दही तेच. मी दारामागे उभी राहून ऐकते.

मला कळतं. माझ्यामुळे एक माणूस कमी बसतं. सुर्ल्याच्या बाराजणी आहेत, संजनाने त्यांना अकराच या म्हणून सांगितलं. का, तर पुढची सीट आईची. गाडी सुर्ल्याला जाणार की इथे राहणार यावर माझ्या सुनेचं काळीज टांगलं आहे, आणि मी तिथे पाय पसरून वरातीतून पळालेल्या नवऱ्यांच्या गोष्टी सांगते.

गौरवीला म्हटलं, तू गुपचूप त्या बारावीला फोन कर, ये म्हणून सांग. गौरवी म्हणाली, "आजी, तू चुकते आहेस." मी म्हटलं, "तू तारखा सांभाळ."

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी मी गुडघा धरून बसले. "आज मला जमणार नाही. तू जा." संजनाने माझ्याकडे बघितलं. माझं नाटक तिला कळतं, पण सुर्ल्याहून बाराजणी आणायला उशीर होत होता. ती गेली.

अंगणात बसून मी सुपारी कातरत होते. सुपारी कातरून झाली. तांदूळ निवडले. निवडलेले पुन्हा निवडले. माझ्या हिशोबाने त्यांना आता केरीच्या फेरीवर असायला हवं होतं. म्हटलं, बरं झालं, गाडी भरली.

तेवढ्यात गाडी दारात. अख्खी. संजना उतरली, मागून बाराच्या बाराजणी उतरल्या.

"काय गो, काय झालं?"

संजना म्हणाली, "लोणचं राहिलं."

"लोणच्यासाठी एवढं पेट्रोल?"

"राखणदारापाशी थांबलो," मुकादमाची बायको म्हणाली, "पण विडी कोणी पेटवायची ते कोणालाच ठाऊक नाही. आणि पुढच्या वळणावर कोणाचा नवरा पळाला ते तुमची सून सांगेना."

"मला सांगता येत नाही, आई. मी सांगितलं तर कोणी हसत नाही," संजना म्हणाली. तिचं तोंड बघवत नव्हतं.

दोघींनी मला काखेत हात घालून उठवलं. गुडघा दुखतो म्हणायचं मी विसरून गेले. पुढच्या सीटवर बसवलं, बारावी मागे चौघींच्या दाटीत बसली आणि तक्रार करायची सोडून टाळ्या वाजवायला लागली. गाडी निघाली. मी बोलायला लागले.

लोणच्याची बरणी मात्र कोणीच घेतली नाही. संध्याकाळी आले तर चुलीशेजारी तशीच. एवढ्या लांबून परत आल्या आणि ज्यासाठी आल्या तेच विसरल्या. आजकालच्या बायकांचं लक्ष कुठे असतं कोण जाणे. (गौरवी, हसू नको, अक्षर वाकडं होईल.)

१ मार्च, रविवार

शिगमो दोन दिवसांवर. काल संध्याकाळी गुरुदास आला तेव्हा मी वही त्याच्या हातात ठेवली. "वाच. गाडी कुठे गेली, कोण बसलं, सगळं आहे."

पडवीत बसून त्याने वाचली. पहिल्या पानापासून. मधे दोनदा हसला, एकदा नाही हसला. मग बराच वेळ नाक पुसत होता. सुर्ल्याची ती तांबडी धूळ, नाकातून जाता जात नाही. म्हटलं, मीठपाण्याने गुळण्या कर.

वही परत देताना म्हणाला, "आई, सुर्ल्याला माझ्या मुकादमाने मला चहा पाजला. पहिल्यांदा. म्हणाला, घरी बायको आठवडाभर तुझ्या आईच्या गोष्टी सांगते."

"मग गाडी?"

"कसली गाडी? माझ्याकडे ट्रक आहे." आणि आत जाऊन संजनाला म्हणाला, "टायर बघून घेतो उद्या. घाटात नेशील तर गिअर खालचा ठेव." एवढंच. पण संजना चुलीपाशी उभी राहून एकटीच हसत होती, आणि आमटीला उतू जाऊ दिलं.

आज सकाळी उठून बघते तर गुरुदास गाडीच्या पुढे स्टुलावर, हातात तांबड्या रंगाचा डबा आणि ब्रश. काचेच्या खालच्या पट्टीवर मोठी अक्षरं काढत होता. जीभ दातात धरून, लहानपणी पाटीवर काढायचा तशी.

"काय लिहितोस रे?"

"देवाचं नाव."

"आपल्या गावच्या कमळेश्वराचं?"

त्याने गौरवीकडे बघितलं. गौरवीने संजनाकडे. "त्यातलंच," तो म्हणाला.

मी मोजलं. गौरवीने शिकवलंय तसं, बोट धरून. तीन. म्हटलं, "एवढ्या मोठ्या देवाला तीनच अक्षरं?"

"घरगुती नाव आहे, आजी," गौरवी म्हणाली.

असेल. मला काय कळतंय त्यातलं. पण रंग छान आहे, लांबून दिसतो. मी चपला काढल्या, हात जोडले, कपाळ पट्टीला टेकवलं. कपाळाला ओला रंग लागला. म्हटलं, देवा, आता तूच पुढे बस, माझ्या सुनेची गाडी सांभाळ, सगळ्यांना तिन्हीसांजेच्या आत घरी आण. रोज सकाळी असा नमस्कार केल्याशिवाय मी आत पाऊल ठेवणार नाही. मागे बघते तर तिघंही तोंडावर हात ठेवून उभी.

मग गुरुदासने गाडीपुढे नारळ फोडला. आणि त्या नावाला नैवेद्य दाखवायच्या आधीच खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. एवढा मोठा झाला, पण अजून रीत कळत नाही त्याला.